‘कशावरून?’ हा कोणत्या तासाचा प्रश्न?

एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर जहाजाच्या कप्तानाचे वय किती? फ्रान्समधील ग्रेनोबल येथील गणित-अध्यापनाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने १९८०च्या सुमारास हा प्रश्न दुसरी-तिसरीच्या वयाच्या ९७ मुलांपुढे ठेवला, तेव्हा त्यांपैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांची काहीतरी आकडेमोड करून कप्तानाचे वय काढून दाखवले. वाक्य वाचता आले, हिशेबही करता आला. तरीही उत्तराला काही अर्थ नाही. ही चूक कोणत्या विषयाच्या खात्यावर मांडायची? भाषेचे शिक्षक म्हणतील की मुलाने वाक्य बिनचूक वाचले आहे, गणिताचे शिक्षक म्हणतील की २६ आणि १० यांची बेरीज ३६च होते, आणि दोघांचेही म्हणणे खरे असेल. मेंढ्या मोजून माणसाचे वय कळत नाही, हे त्या मुलाला शाळेबाहेर कोणी विचारले असते तर त्याने चटकन सांगितले असते. शाळेत मात्र दोन आकडे दिसले की त्यांचे काहीतरी करायचे असते, एवढे ते दोन-तीन वर्षांत शिकलेले असते, आणि हे त्याला कोणीही मुद्दाम शिकवलेले नसते.

प्राथमिक शाळेच्या पहिल्या तीन इयत्तांत मुलांनी नेमके काय शिकावे, या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा विषयांच्या यादीने देतो: भाषा, गणित, थोडा परिसराचा अभ्यास आणि वेळ उरलाच तर चित्र, गाणे व खेळ. या यादीतही उतरंड ठरलेली असते. वेळ कमी पडला की शेवटचे आधी गळते, आणि ‘आधी वाचन-लेखन-गणित पक्के होऊ द्या, बाकीचे मागाहून येईल’ असे त्याचे समर्थन केले जाते. मला हे समर्थन चुकीचे वाटते. परिसराचे निरीक्षण, चित्र, मोजमाप आणि नकाशा यांचे तास कापून वाचन आणि गणित पक्के होत नाही, कारण वाचलेल्याला व मोजलेल्याला अर्थ पुरवण्याचे काम याच तासांतून होत असते. विषयांच्या भिंती मोठ्यांनी वेळापत्रकासाठी घातलेल्या आहेत. सहा-सात वर्षांचे मूल मात्र सगळ्या तासांना मिळून मुख्यतः दोनच गोष्टी शिकत असते: एक म्हणजे खुणेच्या मागची वस्तू ओळखणे, आणि दुसरी म्हणजे आपण जे म्हणतो ते कशावरून म्हणतो हे सांगणे.

बोलणे मूल घरूनच घेऊन येते. शाळेत त्याला नवे असते ते खुणांचे जग. चित्रातला घोडा घोड्यासारखा दिसतो, पण ‘घ’ हे अक्षर कशासारखेच दिसत नाही. ते एका ध्वनीच्या जागी उभे असते आणि त्या ध्वनीलाही स्वतःचा अर्थ नसतो. ही झेप मोठी आहे, आणि ज्यांना वाचता येते त्यांना ती आठवत नसल्यामुळे तिची अवघडता जाणवत नाही. देवनागरीत तिला आणखी एक वळण आहे. ‘कि’ म्हणताना आधी क् ऐकू येतो आणि मग इकार, पण लिहिताना वेलांटी आधी येते आणि क नंतर. ज्या मुलाला डोळ्यांनी डावीकडून उजवीकडे जायला शिकवले आहे, त्याला इथे कानाचा क्रम आणि डोळ्याचा क्रम वेगळे आहेत हे स्वीकारावे लागते. मूल ‘कि’ लिहिताना अडखळते तेव्हा ते बरेचदा निष्काळजीपणामुळे अडखळत नाही. ऐकलेला क्रम ते प्रामाणिकपणे कागदावर उतरवू पाहत असते.

अंकांचेही तसेच आहे. ५ ही खूण पाच दगडांसाठी, पाच टाळ्यांसाठी आणि पाच दिवसांसाठी चालते, म्हणजे वस्तू बदलली तरी खूण बदलत नाही. पुढे ५२ मध्ये तोच ५ पन्नास होतो, कारण त्याची जागा बदलली. मग घड्याळाच्या तबकडीवर लहान काटा ३ वर असेल तर तीन वाजलेले असतात आणि मोठा काटा त्याच ३ वर असेल तर पंधरा मिनिटे झालेली असतात. एकच खूण आणि अर्थ दोन! आपल्या भाषेतील संख्यानामे या गुंत्यात भर घालतात. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी उच्चारला जातो आणि लिहिताना सहा आधी येतो; ‘एकोणतीस’ या शब्दात तीस ऐकू येतात, पण लिहिलेल्या २९ मध्ये तिनाचा पत्ता नसतो. जर्मन भाषेतही त्रेसष्टला ‘तीन आणि साठ’ अशा अर्थाचा शब्द आहे आणि फ्रेंचमध्ये ऐंशीला ‘चार विसा’ म्हणतात. याउलट चिनी भाषेत अकराला सरळ ‘दहा-एक’ म्हटले जाते, त्यामुळे दशक आणि एकक यांची रचना शब्दातच ऐकू येते. तेव्हा ३६ ऐवजी ६३ लिहिणारे मूल गणितात कच्चे आहे असे ठरवण्यापूर्वी, त्याची अडचण भाषेची आहे की काय, हे तपासायला हवे. ‘एकोण’ म्हणजे एकाने उणे, एवढी एक गोष्ट नीट उलगडून सांगितली तर एकोणीसपासून एकोणऐंशीपर्यंतचे सात शब्द एकदम उजळतात. हा तास भाषेचा की गणिताचा, हे मी सांगू शकणार नाही, आणि ते ठरवायची मला गरजही वाटत नाही.

खुणेमागचा अर्थ सुटला तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण बरोबरच्या चिन्हाचे आहे. वेल्समध्ये जन्मलेल्या रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली हे चिन्ह प्रथम छापले, तेव्हा दोन समांतर रेषा निवडण्याचे कारणही दिले होते: याहून अधिक सारख्या दोन वस्तू असूच शकत नाहीत. म्हणजे चिन्हाचा जन्मच ‘दोन्ही बाजू सारख्या’ या कल्पनेतून झालेला आहे. आपल्या वह्यांत मात्र ते पहिल्या इयत्तेपासून जवळजवळ नेहमी एकाच जागी येते: डावीकडे गणित, मग चिन्ह आणि उजवीकडे उत्तराची रिकामी चौकट. शेकडो वेळा हेच पाहिल्यावर ‘इथे उत्तर लिहा’ असा त्या चिन्हाचा अर्थ मुलांच्या मनात घट्ट बसला तर नवल नाही. अमेरिकेतील गणित-शिक्षणाच्या अभ्यासकांनी १९९९ साली मांडलेल्या एका पाहणीत सहावीच्या १४५ मुलांना ८ + ४ = □ + ५ ही चौकट भरायला दिली होती. बरोबर उत्तर ७. पण त्या १४५ पैकी प्रत्येकाने १२ किंवा १७ लिहिले. एकानेही ७ लिहिले नाही. सहावीत उघड झालेली ही चूक पहिली-दुसरीत रुजलेली असते, आणि बेरजेचे आणखी शंभर नमुने सोडवून ती सुधारत नाही, उलट घट्ट होते. तिच्यावरचा उपाय गणिताच्या पुस्तकाबाहेर आहे. दोन पारड्यांचा तराजू समोर ठेवावा, एका पारड्यात आठ आणि चार गोट्या टाकाव्यात, दुसऱ्यात पाच टाकून ‘आता समतोल यायला आणखी किती हव्यात?’ असे विचारावे. वजन आणि समतोल हा विज्ञानाचा धडा समजला जातो. तो ‘मागाहून’ ठेवल्यामुळे गणिताची किती वर्षे वाया जातात, याचा विचार आपण करत नाही.

परिसर आणि भूगोल यांचेही असेच होते, फक्त तिथे खुणेची जागा ऐकीव वाक्य घेते. पृथ्वी गोल आहे, हे वाक्य बहुतेक मुलांना सहाव्या-सातव्या वर्षीच पाठ असते. स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर या संशोधकांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिली, तिसरी आणि पाचवीच्या मिळून ६० मुलांना याबद्दल खोदून प्रश्न विचारले. ‘सरळ चालतच राहिलो तर कुठे पोहोचू?’, ‘पृथ्वीला कडा आहे का?’, ‘माणसे कुठे राहतात ते चित्रात दाखव’, अशा धर्तीचे प्रश्न पुढे आल्यावर एकाच वाक्यामागे दडलेल्या अनेक पृथ्व्या दिसू लागल्या. काही मुलांची पृथ्वी तबकडीसारखी गोल आणि चपटी होती. काहींची चेंडूसारखी पोकळ होती आणि माणसे तिच्या आत सपाट जमिनीवर राहत होती. काहींच्या मनात तर दोन पृथ्व्या होत्या: एक पायाखालची सपाट आणि दुसरी आकाशातली गोल.

या मुलांविषयी मला मनापासून आदर वाटतो. त्यांना रोज सपाट जमीन दिसते आणि मोठी माणसे गोल म्हणतात. दोन्ही खरे मानून त्यांनी आपल्या बळावर एक सुसंगत चित्र उभे केले आहे, आणि हीच वैज्ञानिक विचाराची सुरुवात आहे. पण हे चित्र शिक्षकांना कधी दिसते? ‘पृथ्वीचा आकार कसा आहे?’ या प्रश्नाला सगळी मुले एकच उत्तर देतात आणि सगळ्यांना पूर्ण गुण मिळतात. चित्र काढायला लावले तरच फरक दिसतो, आणि ‘कशावरून?’ विचारले तरच तो बोलता येतो. चित्रकलेचा तास हा विश्रांतीचा तास समजून कापला जातो, तेव्हा मुलाच्या मनात काय चालले आहे हे पाहण्याची एक खिडकीच बंद होते, कारण सहा-सात वर्षांच्या मुलाकडे जेवढे शब्द असतात त्यांहून अधिक ते रेषेने सांगू शकते.

मोजमापाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण सगळे विषय एकमेकांत मिसळतात ते इथेच. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञांचा पाण्याचा प्रयोग शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचयाचा आहे: दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी दाखवून, एकातले पाणी मुलासमोर उंच आणि अरुंद पेल्यात ओतले, तर साधारण सहा-सात वर्षांपर्यंतची बरीच मुले उंच पेल्यात पाणी जास्त झाले असे म्हणतात. पियाजे यांनी आखलेल्या वयाच्या टप्प्यांवर पुढे बरेच वाद झाले, आणि प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली की मुलांची उत्तरेही बदलतात असे अनेकांनी दाखवले. माझ्या दृष्टीने त्या प्रयोगाचे मोल टप्प्यांत नाही, तर पुढच्या संभाषणात आहे. पाणी जास्त झाले असे म्हणणाऱ्या मुलाला चूक सांगून उपयोग होत नाही. त्याने ते पाणी परत ओतून पाहावे, तिसऱ्या पसरट भांड्यात ओतावे, लहान वाटीने मोजून किती वाट्या भरल्या ते लिहून ठेवावे, आणि शेजारच्या मुलाचा आकडा वेगळा आला तर दोघांनी आपापल्या वाट्या ताडून पाहाव्यात. या अर्ध्या तासात मूल मोजते, नोंद करते, ‘जास्त’ आणि ‘उंच’ या शब्दांतला फरक शिकते, आणि सगळ्यांनी एकच माप वापरल्याशिवाय तुलना होऊ शकत नाही हे त्याला स्वतःला उमगते. प्रमाणित एककाची गरज हा समाजशास्त्राचाही धडा आहे, पण त्याचे नाव अजून घ्यायचे कारण नाही.

याच मापाचा उपयोग पुढे काळासाठी होतो. दोरीवर गाठी मारून एकेका गाठीला एकेक वर्ष मानले आणि आपला जन्म, धाकट्या भावंडाचा जन्म, शाळेतला पहिला दिवस अशा चिठ्ठ्या टांगल्या, तर ‘पूर्वी’ या एका शब्दात कोंबलेला सगळा भूतकाळ मोकळा होऊ लागतो. इतिहास तिसरी-चौथीनंतर सुरू होतो हे खरे, पण तो समजण्याची पूर्वतयारी अशा गाठींतून होते. संख्येसाठीही अशी ओळीने मांडलेली जागा उपयोगी पडते. रॉबर्ट सिग्लर आणि गीता रमाणी यांनी २००८ साली दाखवून दिले की, गरीब घरांतील शाळापूर्व वयाच्या मुलांना १ ते १० आकडे एका ओळीत लिहिलेल्या पटावर प्रत्येकी सुमारे १५ मिनिटांचे चार डाव खेळायला दिले, तर त्यांचा संख्यांचा अंदाज स्पष्टपणे सुधारतो. आकड्यांऐवजी फक्त रंग असलेल्या पटावर खेळलेल्या मुलांत तशी सुधारणा दिसली नाही. एकूण तासाभराचा खेळ. या खेळात मुलाचा हात पुढे सरकतो, तोंड आकडा म्हणते आणि डोळा अंतर पाहतो, हे तिन्ही एकदम घडते.

आता वाचनाकडे येऊ, कारण ‘आधी वाचन’ हा आग्रह सर्वांत जोरकस असतो आणि त्यामागची कळकळ खरी आहे. जागतिक बँक आणि तिच्या सहयोगी संस्थांनी २०२२ साली केलेल्या अंदाजानुसार, अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहा वर्षांची सुमारे ७० टक्के मुले साधा मजकूर वाचून समजून घेऊ शकत नव्हती. एवढ्या मोठ्या अपयशासमोर चित्रे काय काढत बसायची, असे कोणी विचारले तर त्याला निर्दय म्हणता येणार नाही. वाचता न येणारे मूल पुढच्या प्रत्येक इयत्तेत मागे पडत जाते. पण या अंदाजातला ‘समजून’ हा शब्द नजरेआड करू नये. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली वाचनाची एक साधी मांडणी केली: अक्षरे उलगडण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार म्हणजे वाचन. गुणाकार म्हटल्यामुळे दोहोंपैकी एक शून्य असेल तर फळही शून्यच येते. पहिला घटक पद्धतशीर शिकवावा लागतो. ध्वनी वेगळे ऐकणे, अक्षर आणि ध्वनी यांची सांगड, जोडाक्षरे, रोजचा सराव, यांत हयगय चालत नाही, आणि मूल पुस्तकांच्या सहवासात राहिले की आपोआप वाचू लागते हा समज अनेक मुलांच्या बाबतीत घातक ठरतो. याबाबत माझे ‘आधी वाचन’वाल्यांशी काहीही भांडण नाही.

मतभेद दुसऱ्या घटकाबद्दल आहे. भाषा समजणे म्हणजे शब्द ज्याबद्दल आहेत ते जग ओळखीचे असणे. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांच्या १९८८ सालच्या अभ्यासात सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचे वर्णन वाचायला दिले होते आणि मग छोट्या मैदानावर बाहुल्या हलवून तो डाव पुन्हा मांडायला सांगितले होते. वाचनात कच्ची ठरवलेली, पण खेळ जाणणारी मुले, वाचनात पक्की असूनही खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा खूपच सरस ठरली. मुले मोठी होती, तरी तत्त्व लहानांनाही लागू आहे. मुळे, बाष्प, उतार, किनारा, सावली, यांपैकी एकही गोष्ट जिने हाताळलेली किंवा निरखलेली नाही, त्या मुलीसमोर तिसरी-चौथीत या शब्दांनी भरलेला उतारा आला की ती तो खडाखड वाचेल आणि खालच्या प्रश्नांपाशी थांबेल. मग तिला वाचनात मागे म्हणून परिसराच्या तासाला वर्गाबाहेर बसवून आणखी उतारे वाचायला दिले जातील. ज्या झऱ्यातून शब्दांना अर्थ मिळायचा, तोच उपचाराच्या नावाखाली आटवला जातो, आणि हे करणाऱ्या प्रत्येकाचा हेतू चांगलाच असतो, याचेच मला अधिक दुःख होते.

हे घडते त्यामागे मोजणीचा मोठा वाटा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या चौथ्या उद्दिष्टात दुसरी-तिसरीच्या मुलांचे जे पाहिले जाते, ते वाचन आणि गणित यांतील प्रावीण्य. अमेरिकेत २००२ सालापासून लागू झालेल्या शिक्षणविषयक कायद्याने तिसरी ते आठवीपर्यंत याच दोन विषयांच्या वार्षिक चाचण्या बंधनकारक केल्या. सेंटर ऑन एज्युकेशन पॉलिसी या संस्थेच्या २००७ सालच्या पाहणीत ४४ टक्के शाळा-जिल्ह्यांनी प्राथमिक शाळेतील इतर विषयांचा किंवा उपक्रमांचा वेळ कमी केल्याचे सांगितले. त्यांत विज्ञान, सामाजिक अभ्यास, कला, संगीत, शारीरिक शिक्षण आणि मधली सुट्टीसुद्धा होती. दोन गोष्टी मोजायला सोप्या आहेत म्हणून त्या मोजल्या गेल्या, आणि मोजल्या गेल्या म्हणून शिकवायच्या तेवढ्याच उरल्या.

यावर उपाय म्हणून कधीकधी सगळे विषय मोडून एका ‘सूत्रात’ ओवण्याचा मार्ग सुचवला जातो: महिनाभर ‘पाणी’, मग महिनाभर ‘झाडे’. हेतू चांगला असला तरी त्यात धोका आहे, आणि मी या मार्गाचा सरसकट पुरस्कार करणार नाही. पाण्याच्या महिन्यात मासे मोजले, माशांची गाणी म्हटली, माशांची चित्रे रंगवली, म्हणून ती गोष्ट एकात्म होत नाही. हातच्याची बेरीज शिकवायची वेळ आली असेल तर ती नीट, क्रमाने आणि पुरेशा सरावानेच शिकवावी लागते, मग मासे असोत वा नसोत. फिनलंडने २०१६ सालापासून लागू केलेल्या अभ्यासक्रमात प्रत्येक मुलाला वर्षातून किमान एकदा अनेक विषयांना कवेत घेणारा दीर्घ उपक्रम मिळेल अशी तरतूद आहे, पण विषय मोडीत काढलेले नाहीत. हा तोल मला योग्य वाटतो. विषयांची शिस्त वेगवेगळी राहावी, पण एका तासात मिळालेल्या वस्तूकडे दुसऱ्या तासात परत जाता यावे.

पहिल्या इयत्तांमध्ये बहुतेक ठिकाणी एकच शिक्षक किंवा शिक्षिका सगळे विषय शिकवतात, ही त्या दृष्टीने मोठी अनुकूल गोष्ट आहे, आणि तिचा उपयोग आपण पुरेसा करत नाही. सकाळी मुलांनी पानांच्या सावल्या मोजल्या असतील, तर दुपारी भाषेच्या तासाला त्याच मोजणीची तीन वाक्ये लिहिता येतात, आणि दुसऱ्या दिवशी तेच आकडे बेरीज-वजाबाकीला घेता येतात. यासाठी नवे साहित्य लागत नाही. लागतो तो न कापलेला वेळ आणि शिक्षकांच्या निर्णयावर विश्वास. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी ‘धडा कितवा चालला आहे?’ याबरोबरच ‘मुलांनी काल काय पाहिले आणि त्याचे काय लिहिले?’ एवढे विचारले, तरी वर्गातल्या वेळेची वाटणी बदलू लागेल.

आणि चाचण्यांत कप्तानाच्या वयासारखा एखादा प्रश्न मुद्दाम असावा, वर्षातून एकदा तरी, पहिलीपासून. त्याच्यासाठी उत्तराची चौकट न ठेवता दोन मोकळ्या ओळी ठेवाव्यात, आणि ‘हे यावरून सांगता येणार नाही, कारण मेंढ्या म्हणजे वर्षे नव्हेत’ असे मोडक्यातोडक्या अक्षरांत लिहिणाऱ्या मुलाला त्या प्रश्नाचे पूर्ण गुण मिळावेत, वेलांट्या चुकल्या असल्या तरीही.